शंभर वॅटचं पाणी

खरं म्हणजे ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं ठरलंय. मी एकटीने नाही ठरवलं, आमच्या अख्ख्या गल्लीने ठरवलंय. चौदा घरं! बिराजदार गुरुजींनी सगळ्यांना हात वर करायला लावले, आणि सगळ्यात आधी माझा. पण तुम्ही काही आमच्या गल्लीतले नाही, चहा अजून गरम आहे, आणि माझ्या पोटात ही गोष्ट आता मावत नाही. फक्त मागच्या गल्लीत कुणाला बोलू नका. ते लोक आम्हाला आधीच हसतात.

आधी माझं सांगते. मी नववीत आहे, लातूरला. माझा आवाज इतका बारीक आहे की हजेरीला मी ‘उपस्थित’ म्हणते आणि बाई ‘प्रज्ञा गैरहजर’ असं लिहितात. मी पहिल्या बाकावर बसलेली असते, तरीही! दुसऱ्यांदा सांगायची हिंमत होत नाही, म्हणून मी गैरहजरच राहते. मागच्या वर्षी पप्पांना शाळेत बोलावून विचारलं, की मुलगी एवढ्या दांड्या का मारते?

आणि अशी ही मी वाजवते काय, तर इलेक्ट्रिक गिटार. तीही रॉक. हसा, हसून घ्या.

माझा पहिला ॲम्प दहा वॅटचा होता, शाळेच्या डब्याहून थोडा मोठा. घरात तो बरा वाजायचा. पण रॉकसाठी सूर फाटेपर्यंत गेनचं बटण फिरवलं, की डब्यात माशी कोंडल्यासारखं व्हायचं. तरी आमचं छान चाललं होतं. मग गॅदरिंगसाठी मी आणि माझी मैत्रीण आफरीन शाळेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसलो. आफरीन ड्रम वाजवते. तिने पहिला ठोका मारला आणि त्यानंतर माझा ॲम्प फक्त दिसत होता.

“तू वाजवायलीस का?” तिने थांबून विचारलं.

“कधीची,” मी म्हणाले. तेही तिला ऐकू गेलं नाही.

त्या दिवशी मी ठरवलं, मला मोठा ॲम्प पाहिजे. शंभर वॅटचा. जे मला बोलता येत नाही, ते सगळं तो बोलेल.

नांदेडच्या मामाने शिष्यवृत्ती मिळवल्याचं बक्षीस कबूल केलेलं होतंच. पप्पाही हो म्हणाले, पण अट घालून. पप्पा रेणापूरच्या शाळेत शिक्षक आहेत आणि घरातसुद्धा सूचनाफलकासारखं बोलतात. “गल्लीतून एक तक्रार आली, की ॲम्प परत नांदेडला. एक म्हणजे एक.”

मी मान हलवली. मी सगळ्यालाच मान हलवते. माझे निम्मे घोटाळे मान हलवल्यामुळे झालेत.

मामा मला नांदेडला शकीलचाचांच्या दुकानात घेऊन गेला. बँडवाल्यांची, बेंजो पार्टीवाल्यांची सगळी यंत्रं चाचाच दुरुस्त करतात. भिंतीला भोंगे टांगलेले, जमिनीवर वायरींचा गुंता, आणि मधोमध चाचा, चष्मा कपाळावर.

“क्या बजाते बेटा?”

मी सांगितलं.

“क्या?”

“रॉक म्हणते, चाचा,” मामाने माझं भाषांतर केलं.

“घर में बजाते के मैदान में?” चाचांनी एक नीटनेटका ॲम्प पुढे ओढला. “ये लेव. तीस वॅट, बारा इंची स्पीकर. वॅट नक्को देख, स्पीकर देख. दस वॅट का सौ वॅट करे तो आवाज दसपट नै होता बेटा, बस दुगना होता. और रॉक का जो फटेला आवाज है ना, वो गेन से आता. वॅट से नै.”

किती शहाणं बोलले ना? पण माझं लक्ष कुठे होतं? त्यांच्या मागे एक काळा, अवाढव्य ॲम्प उभा होता. पुढचं कापड फाटलेलं, आत दोन-दोन स्पीकर. बंद पडलेल्या कुठल्यातरी बेंजो पार्टीचा. मी बोट दाखवलं.

“वो? वो नक्को! वो बारात का जानवर है. घर में बांधने का नै.”

“हाच,” मी म्हणाले. आणि काय सांगू, तो शब्द चक्क सगळ्यांना ऐकू गेला! मामा दचकून माझ्याकडे बघायला लागला.

चाचांनी उसासा टाकला. “ठीक है. पर एक बात. इसको तीन पिनच लगाना, अर्थिंग बराबर होना. नै तो ये गाते रहेगा, तू बजा या नक्को बजा.”

मी मान हलवली.

येताना बसमध्ये कंडक्टरने विचारलं, “ह्ये काय हाय? फ्रिज?”

“गाण्याचं हाय,” मामा म्हणाला.

“मग तोंड तिकडं करा त्याचं. मधीच वाजलं तर ड्रायव्हर दचकंल.”

घरी आल्यावर कळलं, की माझ्या खोलीतल्या बोर्डाला दोनच भोकं चालू आहेत. तीन पिनचा चांगला बोर्ड स्वयंपाकघरात, फ्रिजमागे. आता ते जनावर पुन्हा कोण उचलणार? मी ड्रॉवर उचकटला. त्यात तीन पिनची दोन पिन करणारा एक पांढरा तुकडा होता. तो लावला. लाल दिवा लागला. झालं की! चाचा उगीच घाबरवतात.

आता जरा आमच्या पाण्याबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. कधी येईल ते नक्की नसतं. आणि नळाला मोटार लावायला सक्त मनाई आहे. त्यामुळे आमच्या गल्लीत एकही मोटार नाही. कागदावर. एरवी कुणाची टोपलीखाली आहे, कुणाची कुंडीमागे, आणि समोरच्या शेवंताकाकूंची तर गोधडी पांघरून झोपलेली असते. नळ आला म्हणून कुणी कुणाला हाक मारत नाही. ज्याला आधी कळतं तो गुपचूप मोटार लावतो. ती ‘घूंऽऽ’ करते. ते घूं ऐकलं, की बाकीची तेरा घरं पळत सुटतात. ज्याची मोटार आधी, त्याची टाकी आधी भरते. आमची अंघोळीची गाणी थांबतात, ताटावरची माणसं उठतात. हे घूं आमच्या रक्तात आहे.

रविवार, सकाळचे दहा. आई नर्स आहे, ती ड्यूटीवर. पप्पा बाजारात. मी खिडकी उघडली, गिटार जोडली, व्हॉल्यूम सातवर नेला. ॲम्प म्हणाला,

“घूंऽऽऽऽ.”

मला वाटलं, मोठी माणसं बोलण्याआधी घसा खाकरतात, तसं असेल. मी पट्टा नीट करायला हात तारांवरून उचलला. घूं अजून वाढलं. आणि पहिला सूर छेडणार, एवढ्यात समोर शेवंताकाकूंचा आवाज आला, “आगं माय! आलं की!” पाठोपाठ दार आपटलं, बादली घरंगळली, आणि एक घूं, दुसरं घूं, पाचवं घूं...

पाणी आलं!

आता ऐका हं. मी काय केलं असेल? मी गिटार पलंगावर टाकली आणि धावत जाऊन आमची मोटार चालू केली. हो. माझ्याच ॲम्पच्या आवाजाला मीच पळाले.

चौदा मोटारी एकदम लागल्या आणि कोपऱ्यावरची डीपी ‘फट्’ करून उडाली. लाईट गेली. सगळी गल्ली चिडीचूप. पण पाणी तर आलंय ना! मग मोटारीशिवाय ओढायचं. बिराजदार गुरुजी, सदतीस वर्षं मुख्याध्यापक राहिलेला माणूस, ओट्यावर उकिडवे बसून हिरव्या पाईपचं टोक तोंडात धरून ओढायला लागले. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. पाणी काही आलं नाही. शेवंताकाकूंच्या गोधडीतून मात्र धूर आला.

“मोटार जळाली माझी!” काकूंनी कपाळावर हात मारला. “त्या दगडूनं पाणी सोडलं आन् मधीच तोडलं!”

दगडूकाका म्हणजे आमच्या भागाचं पाणी सोडणारे. सायकलला लांब लोखंडी चावी बांधून फिरतात, आणि ज्या गल्लीचा दिवस असेल तिथला वॉल्व उघडतात. झालं, चौदाही घरं त्यांच्या नावाने शंख करायला लागली. मीही मान हलवली.

दुपारी दोनला लाईट आली. मी ॲम्प बंद करायला विसरले होते. लाईट आली तशी तो आपला आपणच गायला लागला, “घूंऽऽऽ.” बाहेर पुन्हा धावपळ! मी गिटार उचलायला गेले, हात तारांना लागला, घूं बारीक झालं. बाहेर सगळे जागच्या जागी थांबले. मी खिडकीतून बघितलं. गुरुजींचा एक पाय पायरीवर, एक हवेत.

म्हणजे ते घूं माझं होतं?

मी हळूच हात उचलला. घूं! गल्ली पळाली. हात ठेवला. गल्ली थांबली. आता तिसऱ्यांदा उचलायची काही गरज नव्हती, हे मला कळत होतं. पण शास्त्रात प्रयोग तीनदा करतात. मी उचलला. शेवंताकाकूंची मोटार जळाली होती, तरी त्या पळाल्या!

मग मी ॲम्पची वायर उपटली आणि पलंगाखाली जाऊन बसले.

पाच वाजता गुरुजींच्या ओट्यावर बैठक. विषय एकच, दगडूकाकांची तक्रार करायची. लेखी. आणि लिहायचं कुणी?

“आमच्या प्रज्ञाचं अक्षर मोत्यासारखं आहे,” पप्पा अभिमानाने म्हणाले.

तुम्हीच सांगा, यावर काय बोलायचं? मी मान हलवली, वही उघडली. गुरुजी सांगायला लागले.

“लिही. आज रोजी सकाळी दहा वाजता पाणी सोडण्यात आले व लगेच तोडण्यात आले.”

“पर पाणी आलंय हे आपल्याला कळलं कसं, असं विचारतील की,” शेवंताकाकू म्हणाल्या. “मोटारीचा आवाज आला, असं लिवू नगा म्हंजे झालं!”

सगळे विचारात पडले. मोटारी तर कागदावर नाहीत.

“लिही,” गुरुजी म्हणाले, “पाणी आल्याची नागरिकांना जाणीव झाली.”

मी लिहिलं. तेवढ्यात सायकल खडखडत आली. दगडूकाका. कुणीतरी त्यांना बोलावून आणलं होतं.

“गुरुजी, मी आज तुमच्या वॉल्वला हात बी लावला न्हाई. आज तुमचा नंबरच न्हाई.”

“मग आम्हा चौदा घरांना येड लागलंय का?” काकू कडाडल्या. “माझी मोटार... म्हंजे माझी जाणीव जळाली की रे!”

“काकू, आधीच दोनदा वरच्यांची बोलणी खाल्लीत मी. हा अर्ज गेला तर ही चावी काढून घेतील माझ्याकडून.” त्यांनी चावीवर हात ठेवला. हातावर ग्रीसचे डाग होते. “वीस वर्सं झाली. लेकीचं लगीन बी ह्या चावीवर केलंय.”

बोलावं, तर तक्रार माझी, आणि ॲम्प नांदेडला. गॅदरिंगला पुन्हा डब्यातली माशी. आणि न बोलावं, तर हे असे उभे. मी वर बघितलं आणि म्हणाले, “मी केलं.”

कुणालाच ऐकू गेलं नाही.

“माझ्यामुळे झालं!”

“हां, पुढं लिही,” गुरुजी म्हणाले. “सदर कर्मचारी श्री. दगडू...”

बघा, म्हणूनच तर मला शंभर वॅट पाहिजे होते! मी उठले. वही तिथेच ठेवली, घरात पळाले, वायर लावली, गिटार गळ्यात घातली, व्हॉल्यूम दहावर फिरवला आणि दोन्ही हात वर केले.

“घूंऽऽऽऽऽऽ!”

(तुम्हालाही आत्ता बारीक घूं ऐकू येतंय का? ते आमच्या फ्रिजचं असेल. पुढे ऐका.)

ओटा रिकामा झाला. गुरुजी पळाले, काकू पळाल्या, पप्पासुद्धा पळाले! आणि सगळ्यांच्या पुढे कोण होतं सांगा? दगडूकाका! सायकल तिथेच टाकून. ते आमच्या गल्लीपलीकडे राहतात, पण त्यांचीही टाकी रिकामीच होती. अर्ध्या गल्लीत गेल्यावर ते थबकले, कमरेवर हात ठेवून चावीकडे बघितलं, आणि रस्त्यात मटकन बसून असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी गल्लीत आलेलं तेवढंच पाणी.

“आरं, चावी हितं, वॉल्व बंद, आन् मीच पळायलोय!”

मग सगळे माझ्या खिडकीशी जमले. मी हात तारांवर ठेवला, घूं बारीक. उचलला, घूं मोठं. एक शब्दही न बोलता माझा कबुलीजबाब झाला.

पप्पा आत आले. आधी ॲम्प बघितला, मग तो पांढरा तुकडा बघितला आणि लगेच मेन स्विच पाडला. “जिवंत आहेस हे नशीब समज,” म्हणाले. शकीलचाचांना फोन लावला. पलीकडून एवढंच आलं, “तीन पिन लगाई क्या?” पप्पांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मान हलवली नाही.

“तक्रार आली,” पप्पा म्हणाले. “अट म्हणजे अट.”

मी गिटारचा पट्टा काढायला लागले. तेव्हा खिडकीतून गुरुजींचा हात आत आला. हातात अर्ज होता. त्यांनी त्याचे चार तुकडे केले.

“कुठंय तक्रार? लेखी काही दिसत न्हाई मला.”

“पर माझी मोटार?” शेवंताकाकू म्हणाल्या.

“तुमच्याकडं मोटार होती का, काकू?” दगडूकाकांनी विचारलं.

मग तिथल्या तिथे हात वर झाले, की हे गल्लीबाहेर जायचं नाही. जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग मामाने स्वतःच्या पैशाने करून दिलं, ते वेगळं. पप्पांनी इलेक्ट्रिशियन आणून माझ्या खोलीत तीन पिनचा बोर्ड बसवला, अर्थिंग केलं. ॲम्प एकदम गप्प! आणि व्हॉल्यूम? दोनवर ठेवला तरी आफरीनचे ड्रम दबतात. चाचांचा तीस वॅटवाला पुरला असता, हे मी अजून मामाला सांगितलेलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगितलीच नसती. माझी खरी घोडचूक पुढे आहे.

दहा दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी मी वाजवत होते. जरा थांबून हात तारांवरून उचलला आणि ऐकते तर काय, “घूंऽऽऽ.” लाल दिवा चालू. अर्थिंग निघालं वाटतं! समोरून काकू ओरडल्या, “प्रज्ञे, हे तुझंच ना गं?” चौदा दारांत चौदा डोकी. सगळे माझ्याकडे बघतायत. आणि मी, जिची हजेरी लागत नाही ती मी, पायरीवर उभी राहून छाती भरून ओरडले, “कुणी उठू नका! पाणी नाही आलं! हे माझंच आहे!”

माझा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला. सगळे कौतुकाने हसले आणि आत जाऊन बसले. मी ॲम्प बंद केला.

घूं चालूच होतं.

ते मागच्या गल्लीच्या मोटारींचं होतं. दोन्ही गल्ल्यांना एकाच वेळी पाणी सोडलं होतं. कळेपर्यंत पाण्याचा तास संपला. दगडूकाका सायकलवरून जाताना म्हणाले, “काय, भरल्या का टाक्या?” आणि चौदा घरांनी माझ्याकडे बघितलं. आजवर माझं एवढं ऐकलं होतं का कुणी?

तेव्हापासून गल्लीत नवा नियम आहे. घूं ऐकू आलं, की कुणीही पळायचं नाही. आधी मला विचारायचं. मी ॲम्पचा दिवा बघायचा, वायर हाताने चाचपायची, पूर्ण खात्री करायची, आणि मगच सांगायचं. जबाबदारीचं काम आहे. आज आठवा दिवस, म्हणून मी ॲम्प सकाळपासून बंदच ठेवलाय, वायरसुद्धा काढून ठेवलीय, म्हणजे कसलाही घोटाळा...

“प्रज्ञेऽऽ! कवाच्यान हाका मारायले! मोटार हाय का गिटार?”

थांबा हं, शेवंताकाकू विचारतायत. ॲम्प तर बंद आहे. आणि फ्रिज तर आईने धुवायला काढलाय, मग हे मघापासून जे घूं चाललंय ते... अगं बाई, काकू, पळा, हे तर खरंच पा